आठवी 'ब'चा धर्मांचा तास

नाशिक, रविवार दुपार

आदरणीय निवृत्तीमामा आणि सुलामामी यांना भाची शुभांगीचा मनापासून जय भीम.

मामा, गुडघा कसा आहे? मामी फोनवर म्हणाली की डॉक्टरांनी जिना चढू नका असं सांगितल्यापासून तुम्ही मुद्दाम गच्चीवर जाऊन पेपर वाचता. मनमाडला नळाला पाणी कधी आलं होतं हे मी विचारत नाही, कारण मागच्या वेळी विचारलं तर तुम्ही नगरपालिकेच्या स्थापनेपासून सुरुवात केली होती. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तुमचे जावई प्रफुल्लही बरे आहेत, फक्त सिंहस्थाच्या कामासाठी आमची गल्ली खोदून ठेवल्यामुळे त्यांना गाडी लांब लावून चालत यावं लागतं, आणि घरी पोचेपर्यंत त्यांचं वाटेत कुणाशी तरी वाजलेलं असतं. मामीने पाठवलेल्या कुरडया पोचल्या. त्यातल्या अर्ध्या त्यांनी कच्च्याच खाल्ल्या.

हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर तुम्ही बोलता आणि मी ऐकते. पत्रात ते उलटं होतं, म्हणून पत्र लिहिते आहे. शेवटपर्यंत वाचा, मध्येच मामीला वाचून दाखवत बसू नका.

तर गोष्ट माझ्या आठवी 'ब'ची आहे. एकदा इतिहासाच्या तासाला मी सहज विचारलं की जगात कोणकोणते धर्म आहेत, आणि त्यांच्याबद्दल तुम्हाला काय माहीत आहे. मुलांनी मला सुट्ट्या सांगितल्या. कुठल्या धर्माच्या किती सुट्ट्या, त्यातली कोणती रविवारी आल्याने वाया गेली, सगळं तोंडपाठ. योगिनी नावाची माझी एक हुशार विद्यार्थिनी फार कळवळून म्हणाली की मॅडम, बौद्ध धर्माचं नशीबच वाईट, त्यांची सुट्टी नेमकी उन्हाळ्याच्या सुट्टीत येते. (मी आपल्यातली आहे हे तिला माहीत नव्हतं. मीही तेव्हा सांगितलं नाही.) पारशी कोण, तर ज्यांच्या जुन्या गाड्या डोळे झाकून विकत घ्याव्यात ते. ज्यू कोण, हे कुणालाच माहीत नव्हतं. इथपर्यंत मी हसत होते. मग मागच्या बाकावरचा मयूर मुसलमानांबद्दल असं काही बोलला, की ते मी इथे लिहीत नाही. त्याने ते मोबाइलवर पाहिलं होतं. तो रागाने बोलला असता तर मला एवढं लागलं नसतं. पाणी तापवलं की उकळतं, हे आपण जसं सांगतो, तसं त्याने ते सांगितलं. आणि वर्गाने माना डोलावल्या.

मामा, त्या दिवशी घरी आल्यावर मी ठरवलं की या मुलांना सगळे धर्म शिकवायचे. तुमचं म्हणणं मला माहीत आहे. मागच्या भेटीत तुम्ही भजी खाताखाता निकाल दिला होता, की शाळेत विज्ञान शिकवा आणि धर्म ज्याच्या त्याच्या घरी राहू द्या. पण घरी फक्त आपलाच धर्म राहतो ना. दुसऱ्याचा धर्म घरात येतो तो अफवा होऊन येतो. तो नीट, दिवसाउजेडी, फळ्यावर लिहून यावा एवढंच मला हवं होतं.

आमचे मुख्याध्यापक आहेर सर मनाने चांगले आहेत, पण त्यांना 'धर्म' हा शब्द ऐकला की आधी खिडकी लावून घ्यावीशी वाटते. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं आणि हळू आवाजात विचारलं की मॅडम, हे संविधानात बसतं का. मला विचारलं. ज्या घरात पोहे कुठल्या डब्यात आहेत हे सापडत नाही पण शाळेतल्या धर्मशिक्षणाचं कलम अठ्ठावीस सापडतं, त्या घरातल्या बाईला. मी सांगितलं की सर, धर्माची शिकवण देणं वेगळं आणि धर्मांची माहिती देणं वेगळं. कुणी काय मानावं हे मी सांगणार नाही, लोक काय मानतात तेवढं सांगणार. सर म्हणाले की सहिष्णुता शिकवा, पण कुठल्या धर्माचं नाव न घेता जमतं का बघा. मी म्हटलं की नाव न घेता मला फक्त नवऱ्याला हाक मारता येते. यावर ते हसले, आणि हसल्यामुळे त्यांना नाही म्हणता आलं नाही. शनिवारचा शेवटचा तास मिळाला.

मी टोपलीत चिठ्ठ्या टाकल्या. प्रत्येकाने एक उचलायची, आपलाच धर्म निघाला तर परत टाकायची, आणि त्या धर्माच्या माणसाला भेटून, विचारून यायचं. फक्त विचारून यायचं, करून बघायचं नाही, हे मी बजावलं होतं. पण आठवीच्या मुलांना 'करू नका' हे वाक्य अर्धंच ऐकू येतं.

शीख धर्माची चिठ्ठी ज्यांना आली, त्यांनी मधल्या सुट्टीत सगळ्यांचे डबे एकत्र करून व्हरांड्यात पंगत मांडली. लंगरमध्ये लहानमोठा नसतो म्हणून त्यांनी आहेर सरांना हाताला धरून आणलं आणि आमचे शिपाई गोटीराम यांच्या शेजारी फरशीवर बसवलं. सरांना खाली बसण्याची सवय नाही. उठताना त्यांना गोटीरामनेच हात दिला. सर नंतर मला म्हणाले की मेथीची भाजी कुणाच्या डब्यातली होती ते कळलं तर सांगा. राखीला ख्रिस्ती धर्म आला होता. तिने चर्चमध्ये जाऊन फादरना भेटून अगदी नीट माहिती आणली आणि मग कपाटाच्या मागे खुर्ची टाकून वर्गाची पापं ऐकायला सुरुवात केली. तिथे इतकी रांग लागली की प्रयोगशाळेची बरणी कुणी फोडली, हे दिवाळीपासून न सुटलेलं कोडं तिला समजलं. विज्ञानाच्या मॅडम तिच्याकडे गेल्या, रागावल्या, मग गोड बोलल्या. राखी एवढंच म्हणाली, "ते सांगायचं नसतं मॅडम." मॅडम आजतागायत माझ्याशी बोलत नाहीत.

मयूरला इस्लाम आला. (मी टोपलीत काही केलं नव्हतं. शपथेवर सांगते.) पहिल्याच आठवड्यात त्याच्या आईचा फोन आला. मी जीव मुठीत धरून उचलला. त्या म्हणाल्या की पोरगा घरात आल्याआल्या न सांगता हातपाय धुतो, नमाजाआधी कसं धुतात ते बघून आलाय म्हणे, मॅडम, हा धडा अजून थोडे दिवस चालू ठेवता येईल का. तो त्यांच्या कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या सलीमभाईंकडे जात होता. शनिवारी तो फळ्यापाशी उभा राहिला, रोजा, जकात नावाचं दान, सगळं सांगितलं, आणि जागेवर जायच्या ऐवजी तिथेच थांबला.

"मॅडम, मी त्या दिवशी जे बोललो होतो ना, ते खोटं होतं," तो म्हणाला. "मी सलीमभाईंना तसंच विचारलं. ते हसले. हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाले, चहा घे."

मामा, माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत मी डोळे लपवायला फळ्याकडे तोंड करून उभी राहिले आहे ती फक्त तेव्हा.

आता खरं संकट. स्नेहल गायखेला जैन धर्म आला. ती शेजारच्या पारख आजींकडे जाऊन बसली, सगळं विचारून घेतलं आणि त्या रात्री जेवताना घरी जाहीर केलं की आठवडाभर मी कांदा-लसूण खाणार नाही. कुठल्याही घरात हे खपलं असतं. पण स्नेहलचे वडील संतोषराव गायखे कांद्याचे व्यापारी आहेत. पिंपळगावला त्यांचं कांदा निवडायचं मोठं खळं आहे, आडगाव नाक्याचा बंगला कांद्यावर उभा आहे, आणि स्नेहल जी सायकल घेऊन शाळेत येते तीही त्याच कांद्याची. दुसऱ्या दिवशी ते शाळेत आले. येताना आणखी चार पालक घेऊन आले, आणि संस्थेचे एक विश्वस्तही आले. आहेर सरांनी खिडक्या लावून घेतल्या.

संतोषराव म्हणाले, "आज कांदा सोडला, उद्या घर सोडलं तर? मॅडम, गणित शिकवा, इंग्लिश शिकवा. हे बंद." बाकीचे पालक वेगवेगळ्या कारणांनी तेच म्हणत होते. एकाचं म्हणणं, बाकीचे धर्म शिकवूच नका. दुसऱ्याचं म्हणणं, शिकवा, पण आमचा आधी का नाही शिकवला. विश्वस्त म्हणाले की नोकरीत असे उपद्व्याप परवडत नाहीत. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, पण मला ऐकू येईल असं म्हणाले. मी सांगितलं की तास मी बंद करणार नाही, तुम्हाला करायचा असेल तर तसं कारणासह लेखी द्या. माझा आवाज स्थिर होता.

मग मी स्नेहलला बोलावलं आणि म्हटलं, वडिलांना सांग कांदा का सोडला. ती म्हणाली की जमिनीखालचं काही उपटलं की अख्खं रोप मरतं, आणि त्याच्या अंगाला लागलेले बारीक जीवही मरतात, म्हणून पारख आजी कांदा, बटाटा, गाजर काही खात नाहीत. कुणाच्याच घरचं नाही. त्यांच्या सख्ख्या लेकीच्या घरी केलं असेल तरी नाही.

संतोषराव पोरीकडे वळले. "म्हणजे आपल्यामुळं नाही?" त्यांनी विचारलं.

तेव्हा कळलं ते असं. त्यांनी वास्तुशांतीला पारख कुटुंबाला जेवायला बोलावलं होतं. ती मंडळी आली, भेट दिली, आणि पाण्याशिवाय कशाला न शिवता निघून गेली. या माणसाने तेव्हापासून मनात धरलं होतं, की आम्ही शेतकऱ्याची जात, आमच्या ताटाला ही मोठी माणसं हात लावत नाहीत. भिंतीला भिंत लागून घर, आणि इतकी वर्षं फक्त मान हलवण्यापुरती ओळख. "मी समोर दिसलो की रस्ता बदलायचो," ते म्हणाले. मग रुमाल काढून त्यांनी उगाचच चष्मा पुसला. विश्वस्त घड्याळ बघू लागले.

तुम्हाला वाटेल की मग त्यांनी माझी बाजू घेतली. अजिबात नाही. ते म्हणाले की जैनांचं झालं ना आता, मग पोरीला पुढचा धर्म कांद्याला हरकत नसलेला द्या, मग चालवा तुमचा तास. एवढं बोलून ते उठले, आणि ते उठले म्हणून बाकीचेही उठले. लेखी कुणीच काही दिलं नाही. तास चालू आहे. आहेर सरांनी वेळापत्रकात त्याला 'मूल्यसंवाद' असं नाव दिलंय, जे वाचून तपासणीला आलेला माणूस दुसऱ्या पानावर जाईल.

बाकी सर्व क्षेम. मामीला सांगा, लोणचं पाठवू नको, मी येईन तेव्हा घेऊन जाईन. गुडघ्याला तेल लावा आणि गच्चीवर जाऊ नका.

तुमची भाची,
शुभांगी

ता. क. एक काम होतं. येत्या शनिवारी बौद्ध धर्माचा तास आहे. मी टोपलीत ती चिठ्ठीच टाकली नव्हती. उद्या कुणी म्हणायला नको की बाई सगळ्यांच्या नावाखाली आपलाच धर्म शिकवतात. पण योगिनीच्या ते लक्षात आलं. तिने विचारलं की मॅडम, एक धर्म राहिला का. म्हणून तो तास तुम्ही येऊन घ्यावा अशी विनंती आहे. रेल्वेतून निवृत्त झालेला शांत, वयस्क माणूस येणार असं मी आहेर सरांना सांगून ठेवलंय. यातलं 'शांत' तेवढं सांभाळून घ्या.

ता. क. दुसरा. तास चाळीस मिनिटांचा आहे, चौदा एप्रिलच्या सभेचा नाही. इतर धर्मांबद्दल तुमचं जे मत आहे ते मनमाडलाच ठेवून या. आपल्या बौद्ध लेण्यांना एखादं मूल 'पांडवलेणी' म्हणालं तर त्याला लगेच 'त्रिरश्मी' म्हणून टोकू नका. टेबलावर हात आपटू नका. बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञांबद्दल कुणी विचारलं तर थोडक्यात सांगा. विश्वस्त आले तर त्यांच्याकडे रोखून बघू नका. मी तुमची भाची आहे हे शक्यतो बोलू नका.

ता. क. तिसरा. वरचा ता. क. पुन्हा वाचला. मुलांना मी घराघरांतून पाठवलं, की न घाबरता विचारा, न घाबरता सांगा, आणि माझी पाळी आली तेव्हा मनमाडहून माणूस मागवते आहे, तोही तोंड बांधून. तेव्हा पहिले दोन्ही ता. क. रद्द समजा. तास मीच घेणार, पूर्ण चाळीस मिनिटं घेणार, आणि सुरुवातीलाच मी कोण ते सांगणार. तुम्ही मात्र या. शेवटच्या बाकावर मयूरच्या शेजारी जागा आहे. बोलावंसं वाटलं तर हात वर करा. मी सांगेन तेव्हाच उठायचं.