घोंगड्यामागची रेघ

मु. पिंपळवाडी, पेटा करवीर
ता. १४ मार्च १९०८

लालबीआपा, धाकट्या भावाचा, बाबालालचा सलाम.

अल्लाच्या कृपेने इकडे सगळे खुशाल. दाजींचा खोकला गेला का? बकरीदला तुम्ही आला नाहीत, पोरं वाट बघत होती. मागच्या पावसाळ्यात आपल्यात जे बोलणं झालं ते मी आज काढत नाही.

जानेवारीतल्या एका सकाळी नमाज झाल्यावर मी सोप्याच्या भिंतीवर घोंगडं टांगलं. भिंतीला घोंगडं कशाला, ते पुढे येईल. आधी गावची गंमत ऐक.

दरबाराकडून पुराची मोजणी आली होती. दर्ग्याच्या पायरीवर आजीच्या वेळच्या मोठ्या पुराची खूण आहे ना, तिथून ओव्हरसिअर तात्यासाहेब दुर्बीण लावत आणि त्याच उंचीवर मी घरोघर गेरूची रेघ ओढत असे. गवंड्याचा हात सरळ म्हणून मला धरलं. त्यावरून गावाचा नकाशा व्हायचा. रेघेखाली नवं घर बांधायचं नाही आणि मागेल त्याला वर माळावर जागा.

बायडाबाई आडवी आली. "बाबालाल, रेघ जरा खाली वड की! नातवाचं स्थळ यायचं हाय."

"मावशी, रेघ खाली वडली म्हणून नदी खाली येती व्हय?"

"नदीचं मी बघते. तू रेघ वड."

हंबीरराव पाटलांचं उलटंच. त्यांच्या वाड्यात रेघ गुडघ्याला आली, तर म्हणाले, "पलीकडच्या गावात डोक्यावर हाय म्हणं. आमी काय कमी हाय? चढीव की वाईच!" तात्यासाहेब हसता हसता दुर्बिणीवरून बाजूला झाले.

मग आपलं घर आलं. अब्बांनी कुराण शरीफसाठी भिंतीत उंच कोनाडा केला, कारण पुरात बाकी काही भिजलं तरी तेवढं भिजू नये. रेघ त्या कोनाड्याच्या वीतभर वर गेली. ती मीच ओढली. हात सरळच राहिला, पण त्या दिवशी जेवण गेलं नाही.

त्याच आठवड्यात माझ्या थोरल्यासाठी, बादशहासाठी, शाहूपुरीचे अमीनभाई घर बघायला यायचे होते. त्यांची लेक शमशाद सून म्हणून आपल्या घरी यावी असं आम्हा सगळ्यांच्या मनात होतं. म्हणून रेघ झाकायला ते घोंगडं.

पावणं पहाटेच्या गाडीनं काकडत आले. चहा होईपर्यंत त्यांनी इकडेतिकडे बघितलं, हात वर केला आणि घोंगडं ओढून अंगावर घेतलं!

अमीनभाईंनी रेघेकडे बघितलं. "ह्ये काय?"

मी सांगितलं. पहाटे ज्या तोंडानं नमाज पढली त्याच तोंडानं खोटं कसं बोलू?

ते उठले, घोंगड्यासकट भिंतीला पाठ लावून उभे राहिले. रेघ त्यांच्या टोपीच्या वर गेली. म्हणाले, "माझी शमशाद माझ्यापेक्षा हातभर बुटकी हाय, बाबालालभाई."

मी चहा पुढे केला.

"पोरगा पसंत हाय," ते म्हणाले. "घर न्हाय. बगा काय करताय." आणि चहा पिऊन घोंगडं पांघरूनच गेले. ते अजून त्यांच्याकडेच आहे. बादशहा म्हणतो, घोंगडं परत आलं नाही म्हणजे सोयरीक मोडली नाही.

आपा, गेल्या पावसाळ्यात अंगणात पाणी आलं तेव्हा तू हेच म्हणालीस. "वर माळावर जा." मी म्हणालो, अब्बांचं घर आहे, तू बोलू नकोस. तू न जेवता गाडीत बसलीस. परक्या माणसाला थंडी वाजावी लागली तेव्हा मला तुझं बोलणं कळलं.

माळावरची जागा मी दुसऱ्याच दिवशी मागितली. मी आणि बादशहा मिळून भिंती चढवतोय. वारा फार आहे, पण नदी तिथून नुसती दिसते. अमीनभाई पाया बघून गेले आणि ईदनंतरची तारीख धरू म्हणाले.

काल जुम्मा होता. नमाजेनंतर मी अब्बांचा कोनाडा जुन्या भिंतीतून दगडासकट काढला, डोक्यावरून माळावर नेला आणि नव्या भिंतीत बसवला. जुन्या घरात तुला जात्यावर चढल्याशिवाय तिथं हात पोचत नसे. इथे उंच करायचं कारण उरलं नाही. तुझ्या हाताला येईल एवढ्यावरच बसवला आहे. कुराण शरीफ मात्र अजून आत ठेवलेलं नाही. ते तू येऊन ठेव.

माळावरून वाटेकडे बघत असलेला,
तुझा
बाबालाल