मशीनवरची पाटी

सिल्वासा, मंगळवार संध्याकाळ

मसाटच्या कारखान्यात आज नव्या मशीनवर पाटी लागली, 'बँकेकडे तारण'. मालकांचे, म्हणजे शेठचे, हिशेब मी बघतो; कर्जाचा सल्लाही माझाच. शेठना मामेभावाला भागीदार करून पैसा आणायचा होता. "पाटीलभाई, त्याला हप्ता तर नाही ना द्यावा लागणार," हेच त्यांचं चाललं होतं. मी म्हटलं, "शेठ, कर्ज फिटलं की बँक जाईल. भागीदार मात्र आयुष्यभर शेजारी बसेल." ते कबूल झाले खरे, पण धंदा मंदावला तरी हप्ता थांबत नाही, ही धाकधूक मलाच आहे. चुकलो तर नाही ना?

दुपारी वापीचा एक व्यापारी येणार म्हणून शेठनी पूजेचा झेंडूचा हार बरोब्बर पाटीवर टांगला. मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. व्यापाऱ्याने मशीन नीट बघायला हार बाजूला केलाच. पाटी वाचली. शेठ भलतीकडेच बघत राहिले.

"आमच्याकडे अशी पाटी नाही," व्यापारी म्हणाला. "अर्धा पैसा मेहुण्याचा आहे. माल मला पसंत आहे, पण ऑर्डरचं त्याला विचारून कळवतो."

तो गेल्यावर शेठनी हार उतरवला आणि रुमालाने पाटी पुसली.