परतल्यावरच्या सात गोळ्या

८ डिसेंबर

सिद्धांत आम्हा सगळ्यांना केनियाला सफारीला नेतोय. मी नको म्हणालो. मुलगा आहे, ऐकतो थोडाच! आज क्लिनिकमधून मलेरियाच्या गोळ्या आणल्या. नर्सबाईंना मी दोनदा विचारलं. "अंकल, वापस आने के बाद भी सात दिन. रोज एक. छोडना नहीं." बाकी सगळ्यांचं डोकं मोबाईलमध्ये. सूनबाईंचे वडील शैलेंद्रराव मात्र हसले — "व्याही, एक गोळी सिंहालाही द्या!" ते पुण्याचे बँक मॅनेजर, रिटायर्ड. मी सातवी पास, अबुधाबीजवळ मुसफ्फाला तीस वर्षं वेल्डिंग केलं. इथे दुबईत दोन महिने माझ्याच खोलीत मुक्काम आहे त्यांचा!

१९ डिसेंबर

पोचलो जंगलात. पूर्ण बाह्या. पँट मोज्यात खोचलेली. डासांचं मलम कानामागेसुद्धा. दात घासायलाही बाटलीचंच पाणी.

२० डिसेंबर

हत्ती गाडीला टेकेल इतका जवळ आला. ड्रायव्हर म्हणाला, हलू नका, आवाज नको. मी डोळे मिटून रामरक्षा पुटपुटत होतो — आणि शैलेंद्ररावांनी माझा व्हिडिओ काढला! फॅमिली ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, 'मुसफ्फाचा सिंह'. गावाहून माझ्या सख्ख्या बहिणीनं हसरी तोंडं पाठवली. सिद्धांतही हसला. एकटी नात अवनी जवळ येऊन बसली. "आजोबा, आय वॉज स्केअर्ड टू."

शैलेंद्ररावांना मी सोडणार नाही.

२४ डिसेंबर

काल दुबईला परतलो. नाश्त्यानंतर मी गोळी घेतली. शैलेंद्ररावांनी आपलं पाकीट कचऱ्याच्या डब्यात टाकलं. "आपल्या या इंटरनॅशनल सिटीत कुठला आलाय डास? सफारी खलास, गोळ्या खलास! तुम्ही खा, घाबरट!"

नर्सबाईंचं बोलणं ओठांवर आलं होतं. गिळलं.

२७ डिसेंबर

चौथी गोळी. मुद्दाम त्यांच्यासमोर उभा राहून घेतो. हसतात. हसा! भरू दे हुडहुडी. वाजू देत दात. मग मी काढीन व्हिडिओ, मी टाकीन ग्रुपवर!

जिवावर बेतू नये. एवढंच.

३० डिसेंबर

सातवी. माझ्या संपल्या.

२ जानेवारी

"बरं वाटतंय ना?" म्हणून शैलेंद्ररावांना विचारलं. "ठणठणीत! सहा किलोमीटर चालून आलो." काहीच होईना! मीच रोज त्यांच्या तोंडाकडे बघत बसलोय.

४ जानेवारी

अवनीला एकशे चार ताप. रक्तात मलेरिया निघाला. सूनबाई संजना कामावर गेली की तिला गोळी द्यायचं शैलेंद्ररावांकडे होतं — त्यांनी तिच्याही बंद केल्या होत्या. मला ठाऊक नव्हतं. हॉस्पिटलच्या बाकावर माझा हात धरून रडले. "व्याही, आमच्यात तुम्हीच एक जपून वागणारे. परतल्यावरही गोळ्या घ्यायच्या असतात हे तुम्हाला जरी माहीत असतं, तरी वाचली असती हो पोर या सगळ्यातून."

मी मान डोलावली.