बारा बटणांचा नारिंगी ड्रेस

मी, फेथ येशुदास रणपिसे, वय त्र्याहत्तर, अविवाहित, पूर्वी लेडीज टेलर, राहणार दौंड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. कोणी दडपण आणलेले नाही. तशी कोणाची छातीही नाही.

१. माझे दोन खोल्यांचे घर व बँकेतील शिल्लक भाचा जॉन्सन यास. तो कुरकुंभच्या कारखान्यातून शिफ्ट संपवून येतो आणि माझ्या पलंगावर बुटांसकट झोपतो. घर त्याचे झाल्यावर खुशाल झोपावे. माझ्या दफनविधीत भाषण एकच ठेवावे, तेही आटोपशीर.

२. शिलाई मशीन व मोठी कात्री राहू गावच्या साळूबाईस. ती माझ्याकडे शिकली. गळा अजून तिरका कापते, पण मशीनला तेल वेळेवर घालते.

३. नारिंगी ड्रेस. याला जागा जास्त लागेल.

१९७४ साली मी तो स्वतःसाठी शिवला. टेरिलिनचे कापड, बशीएवढी पांढरी फुले, लांब टोकांची कॉलर, मनगटाशी घंटेसारख्या बाह्या, गळ्यापासून खालपर्यंत बारा बटणे. पुण्याला शिकणाऱ्या मुली तेव्हा बेलबॉटम घालून, डोक्यावर केसांचा टोपलीएवढा फुगा घेऊन दौंडला उतरत. मला एकाच कापडात सगळे हवे होते. बटणे लावली की फ्रॉक, उघडी सोडली की बेलबॉटमवरचा कोट. बाह्या आतून हुकांवर. काढल्या की स्लीव्हलेस. पाळकसाहेबांच्या बाईंना माझे गुडघे खटकले, म्हणून शनिवारी दुमड उसवून मी ड्रेस तीन इंच खाली सोडायची आणि सोमवारी पुन्हा वर टाचायची. देवाकडून काही तक्रार आली नाही.

रॉनी तेव्हा रेल्वेत नवा लागला होता. आमच्याकडे येई, त्या ड्रेसची तारीफ करी. आमचे लग्न ठरल्यातच जमा होते. पुढच्या वर्षी शिरूरला नात्यातले लग्न निघाले. माझ्याकडे गिऱ्हाइकांचे नऊ ब्लाउज बाकी, म्हणून मी थांबले, रॉनी मात्र जाणार होता. धाकटी बहीण जस्मिन हिने ड्रेस मागितला, मी दिला. शिरूरहून ती आणि रॉनी आपले लग्न ठरवूनच परतले. तिने ड्रेस धुऊन, इस्त्री करून आणला आणि रडत काहीतरी सांगू लागली. एक बटण तुटले होते. मी तेवढेच दाखवले. पुढे पन्नास वर्षे तिच्याशी कामापुरते बोलले.

गेल्या महिन्यात जस्मिन एकटीच आली. ड्रेस बघायचाय म्हणाली. मी ट्रंकेतून काढून दिला. तो मांडीवर घेऊन ती म्हणाली, "लग्नाला आठ दिस झाले नव्हते, तवा रॉनीनं इचारलं, तो ड्रेस कुठं हाय. म्या म्हणलं, फेथचा हाय, परत दिला. त्याचं तोंडच उतरलं. तवापासनं मला कळंना, ह्यानं पसंत कुणाला केलं."

"मग त्याला इचारलं न्हाईस?"

"भ्या वाटलं."

पन्नास वर्षे मी समजत होते, ही जिंकली. मला हसू आले, मग तिलाही. मी तिला ड्रेस घालायला लावला. कमरेत बसेना. शिवताना कडेला जे जादा कापड राखतात त्याला आम्ही माया म्हणतो. मी ती भरपूर ठेवली होती. उसवली, ड्रेस बसला.

तो ड्रेस मी जस्मिनला देते. तिने वाटेल तसा घालावा. रॉनीने तारीफ करू नये.

४. सह्यांआधी हे एक कलम वाढवते. आज मंडळी जमली, तेव्हा एक साक्षीदार कमी होता. रॉनी आपणहून पुढे आला. वकिलांनी मला बजावले होते की, ज्याला वाटा मिळतो त्याने किंवा त्याच्या नवऱ्याने वा बायकोने साक्ष घातली, तर तो वाटा रद्द. हे रॉनीला ठाऊक नव्हते, जस्मिनलाही नाही. त्याने चष्मा लावला, सही कुठे करायची विचारले. मी बोट ठेवून जागा दाखवली. त्याने पेनाचे टोपण काढले. मी बोट काढले नाही. तो वाट बघत राहिला. मग त्याच्या हातातून पेन घेतले आणि शेजारच्या गिताबाईंना हाक मारली.

सही: फेथ येशुदास रणपिसे

फेथबाईंनी आमच्यासमोर सही केली, आम्ही त्यांच्यासमोर:
१. ज्ञानू म्हाळू टेंगले
२. गिताबाई हरिबा शितोळे

दौंड, ९ फेब्रुवारी २०२५