तीन वर, एक खाली

प्रिय बाबा,

आईचा फोन आला होता. तुमचा उजवा पाय आता थोडा उचलला जातो, व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी ताल धरून चालायला सांगितलंय, आणि आई तुमच्या किल्ल्यांचा जुना जुडगा वाजवते ते तुम्हाला काही केल्या पसंत पडत नाही, असं ती म्हणाली. तिचा ठेका चुकतो म्हणे. तुम्ही डोळे वटारता, मग ती आणखी चुकते. तेव्हा मी चार दिवस रजा काढून यावं आणि जुडगा हातात घ्यावा, कारण त्या तालाची सवय घरात मलाच आहे, असं तिचं म्हणणं. मी बघते म्हणाले. बघून झालं. मी जुडगा वाजवायला येणार नाही. का, ते कागदावर लिहिते आहे, कारण फोनवर तुम्ही कधी मला वाक्य पुरं करू दिलं नाहीत, आणि हल्ली तुमची जीभ अडखळते म्हणून मीही तुम्हाला करू देत नाही.

बोलता बोलता आई आणखी एक सांगून गेली. मुठीकाका दर बुधवारी फाटकाशी येतात आणि तुम्ही त्यांना आत घेऊ देत नाही. त्यांनी तुमच्यासाठी काठी बनवून आणली, गोल्फच्या स्टिकला असते तशी रबरी मूठ तिला बसवून, तुमच्या अधू हातातून सटकू नये म्हणून. तीही तुम्ही परत पाठवलीत. एकोणीस वर्षं एका माणसावर डूख धरून बसायला चिकाटी लागते. ती तुमच्यात आहेच, माझ्या स्विंगवर, म्हणजे गोल्फची स्टिक फिरवण्यावर, तुम्ही किती वर्षं घालवलीत ते मला ठाऊक आहे.

तुम्हाला गोल्फ कुणी शिकवलं नव्हतं. क्लबाच्या वर्कशॉपमधले तुम्ही मिस्त्री, गवत कापायची यंत्रं दुरुस्त करणारे. यंत्र चालवून बघायच्या निमित्ताने तुम्ही मैदानाच्या कडेने फिरायचात आणि सभासदांचे फटके बघायचात. लांब मारतात ते ताकदवान नसतात, हे तुम्ही तिथेच हेरलंत. ज्याची स्टिक सावकाश तीन मात्रांत वर जाते आणि एका मात्रेत खाली येते, त्याचाच चेंडू सरळ जातो. हा शोध तुम्ही मुठीकाकांना सांगितलात. ते पत्र्याच्या भिंतीपलीकडे बसून सभासदांच्या स्टिकना नव्या मुठी चढवायचे, म्हणून त्यांचं नाव मुठीकाका. नोकरांच्या मुलांना सकाळी सातपर्यंत सरावाला परवानगी होती. त्यांनी त्यांच्या मुलीला आणलं, तुम्ही मला. मोडक्या स्टिक कापून त्यांनीच आम्हा दोघींच्या उंचीच्या करून दिल्या.

माझी स्टिक वर पोचायच्या आत खाली यायला निघायची. तुम्ही मला घाईबाई म्हणायला लागलात आणि ते नाव चिकटलं. मग सुरू झाली तुमची औषधं. दोन्ही पाय जुळवून अर्ध्या ताकदीने मारायचं, तोल गेला की चेंडू मोजायचा नाही. काखेत टॉवेल धरायचा, तो पडता कामा नये. स्टिक उलटी धरून हवेतच फिरवायची, सूं असा आवाज चेंडूच्या पुढे आला पाहिजे, मागे नाही. खाली येताना आधी कंबर, मग हात. मारून झाल्यावर चेंडू जमिनीला टेकेपर्यंत तसंच उभं राहायचं. आणि या सगळ्याला मागून तुमचा जुडगा, तीनदा हलका, चौथ्यांदा जोरात. खोटं कशाला बोलू, तुमचं बरोबर होतं. सहा महिन्यांत माझा चेंडू असा जायला लागला की सभासदही गाड्या थांबवून बघायचे. तो फटका नीट बसला की हाताला काही लागतच नसे. तसं सुख मला नंतर फारशा गोष्टींनी दिलं नाही, हेही लिहून टाकते.

पण तुम्ही जुडगा मैदानावर ठेवून घरी येत नव्हता. मी भराभर जेवले की ताटाशेजारी जुडगा. जिना धावत चढले की खालून जुडगा. वेणी घालताना, वाचून दाखवताना, पाहुण्यांना उत्तर देतानासुद्धा. आई म्हणायची, पोरगी आहे की यंत्र, आणि तुम्ही म्हणायचात, यंत्र बरं, सांगितलेलं ऐकतं. सगळ्या घराला ताल शिकवणाऱ्या तुमचा स्वतःचा राग मात्र एका मात्रेत खाली यायचा. वर जाताना तो कुणालाच दिसायचा नाही.

एकदा तुम्ही तापाने पडून होता आणि मी एकटीच सरावाला गेले, आठवतं का? छान झालं, असं मी घरी येऊन सांगितलं होतं. ती थाप होती. चाळीस चेंडूंतला एक सरळ गेला नाही. मी स्टिक वर नेत होते आणि तिथेच हात उचलून उभी राहत होते, आवाजाची वाट बघत. शेवटी काकांच्या मुलीने तोंडाने मोजून पाहिलं, तरी जमेना. त्या दिवशी मला पहिल्यांदा तुमची भीती वाटली. तुमच्या रागाची आधीपासून होती, ही वेगळी.

आणि मग ती निवड स्पर्धा. प्रशिक्षण शाळेत एकच जागा, आणि उरलेल्या आम्ही दोघी, काकांची मुलगी आणि मी. खेळाडूला बाहेरून कुणी मदत करायची नाही हा नियम तुम्हाला पाठ होता, म्हणून तुम्ही तोंड उघडलं नाहीत. दोरीमागे उभे राहून खिशातल्या खिशात जुडगा वाजवत राहिलात. अठरापैकी पहिले बारा होल मी तुमच्या खिशावर खेळले. तेराव्यानंतर पंच आले, तुम्हाला बाजूला घेऊन गेले, आणि माझ्या नावावर दोन फटके दंड लागला. पुढचे होल मी कसेबसे ढकलले आणि एका फटक्याने हरले. जागा काकांच्या मुलीला मिळाली. गाड्या लावतात तिथे, सगळ्यांसमोर, तुम्ही काकांना जे बोललात ते मी इथे लिहीत नाही. पंचांचे कान काकांनीच भरले, हा तुमचा हिशेब चोख होता. जुडग्याचा अर्थ दुसऱ्या कुणाला कळणार? रोज सकाळी तो ऐकणारा माणूस एकच, आणि फायदाही त्याच्याच मुलीचा. काका मान खाली घालून उभे होते. तुम्ही ती कबुली समजलात.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत तुम्ही दोघं पत्र्याच्या दोन बाजूंना डबे उघडून जेवत राहिलात. माझ्या स्टिक तुम्ही रद्दीवाल्याला देऊन टाकल्यात. मला विचारलंसुद्धा नाहीत, आणि मी विचारलं नाही म्हणून तुम्हाला वाटलं की मलाही काकांचाच राग आहे. त्यांची मुलगी दोन वर्षांत ती शाळा सोडून आली, आता औषधांच्या दुकानात असते. एवढ्यासाठी सगळं झालं.

मी काय करते ते तुम्ही लोकांना सांगत नाही, असं आई म्हणते. मी गाडी शिकवते. माझ्या पायाखालीही एक ब्रेक असतो. गेल्या महिन्यात एक प्रौढ बाई क्लच सोडायला शिकत होत्या. मी शेजारी बसून मांडीवर बोटं वाजवत होते, तीन हलकी, एक जोरात. त्यांनी गाडी कडेला घेतली आणि म्हणाल्या, मॅडम, तुमचा हात आवरा, मला माझा पाय कळत नाहीये. मी आवरला. त्यांनी गाडी सुरेख काढली. मी घरी आले आणि ठरवलं की हे तुम्हाला सांगायचं.

बाबा, पंचांकडे मी गेले होते. बाराव्या होलनंतर बाथरूमला जाते म्हणून सुटले आणि तंबूत जाऊन सांगितलं की माझ्या वडिलांना तिथून हलवा, मला त्यांचा आवाज सहन होत नाही. दंड मला बसेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. नियम तुम्ही पाठ केला होता, मी फक्त ताल केला होता. पंचांनी विचारलं, त्या आवाजावर तू मारतेस का? मी हो म्हणाले. नाही म्हटलं असतं तर सुटले असते. पण कुणीतरी पहिल्यांदाच विचारलं होतं. तंबूच्या मागच्या बाकावर पाण्याची बाटली घेऊन मुठीकाका बसले होते, हे मला परवाच कळलं, माफी मागायला त्यांच्याकडे गेले तेव्हा. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मग बोलला का नाहीत, असं मी विचारलं. म्हणाले, माझ्याशी भांडून त्याचं भागेल, तुझ्याशी भांडला तर घरात राहवणार नाही त्याला. माझ्या वाट्याची शिवी ते एकोणीस वर्षं खात आले आणि मी खाऊ दिली. तुमच्यावरचा राग माझा अजून गेलेला नाही, तो जाईल असंही वाटत नाही. पण तो त्यांच्या खांद्यावर ठेवून मी फार वर्षं मोकळी फिरले. बुधवारी ते फाटकाशी येतील. काठी घ्या. जुडगा त्यांच्या हातात द्या. तो ताल त्यांनी माझ्याइतकाच ऐकलाय, आणि तुम्ही डोळे वटारलेत तरी त्यांचा चुकणार नाही. त्यांना मीच गाडीतून आणणार आहे. मी बाहेर गाडीतच बसेन. मला आत बोलवायचं की नाही, ते तुम्ही तुमच्या वेळेने ठरवा. मी मोजत बसणार नाही.

तुमचीच,
आणि तक्रारही तुमचीच करणारी,
घाईबाई