उभी खाट ही खाट नव्हे

तीर्थस्वरूप मामांस,

आधी नमस्कार, मग तब्येतीची चौकशी आणि मग रडगाणं, हा पत्राचा क्रम आईने लहानपणी घालून दिलाय आणि मी तो मोडत नाही. तेव्हा नमस्कार पोचला असं धरून चालतो. मामींचे गुडघे कसे आहेत? जिना चढताना अजून तुमच्या नावाने बोटं मोडतात का? (म्हणजे गुडघे बरे आहेत. गप्प चढायला लागल्या की कळवा.) तुमच्या पोटातल्या त्या गाठीचं काय झालं, हे विचारणार नाही, कारण गेली सहा वर्षं तुम्ही "कसली गाठ?" एवढंच उत्तर देता. असो. आता रडगाण्याकडे वळतो. जरा ऐसपैस बसा, चष्मा पुसून घ्या, प्रकरण लांब आहे.

तुम्हाला ठाऊकच आहे की ताईच्या हॉस्पिटलला परवाना आहे नऊ खाटांचा. आता आजारी माणसं काही परवाना वाचून आजारी पडत नाहीत. दहावा आला की ताई त्याला वर घरी पाठवते. आधी पाहुण्यांची खोली गेली, मग माझी खाट गेली (मी ऑफिसच्या टेबलावर झोपतो, उशाला सन दोन हजार बाराच्या फायली, त्या जरा मऊ पडल्यात), आणि गेले सात महिने ताईची स्वतःची खाटसुद्धा गेलीय. ती झोपते कुठे म्हणाल, तर जिथे टेकेल तिथे. मागच्या आठवड्यात एका गृहस्थाच्या छातीला स्टेथोस्कोप लावून "श्वास रोखा" म्हणाली आणि तशीच झोपली! तो बिचारा भला माणूस, डॉक्टरांची झोप मोडू नये म्हणून श्वास रोखून बसून राहिला. मोठ्या सिस्टर आत आल्या तेव्हा तो निळा पडायला लागला होता. सगळे हसले, मीही हसलो, पण मामा, खरं सांगतो, मला त्या दिवशी धडकी भरली. आपल्या घरात ती एकच आहे, आणि ती अशी झिजत चाललीय. म्हणून म्हटलं, काही झालं तरी चार खाटा वाढवायच्याच.

शेजारची शिंप्याची खोली रिकामी झाली होती, ती घेतली. भिंतीत दार पाडलं, रंग दिला, चार नव्याकोऱ्या खाटा मागवल्या. मी आपला खुशीत. तेवढ्यात कळलं की हॉस्पिटल वाढवायचं तर परवाना देणाऱ्या मंडळाची मंजुरी लागते आणि मंजुरी मिळण्याआधी खाट ठेवली की तो बेकायदा विस्तार होतो. खाटा तर टेम्पोतून उतरल्या होत्या! मी मंडळात फोन केला. म्हटलं, साहेब, आता ठेवू कुठे? डोक्यावर? तिकडच्या बाईंनी थांबायला सांगितलं, बराच वेळ कोणाशी तरी कुजबुजल्या आणि म्हणाल्या, "उभ्या ठेवा." तसं लेखीसुद्धा आलं आठ दिवसांत. "उभी खाट ही खाट नव्हे, ती सामान होय." तेव्हापासून चार खाटा प्लॅस्टिकसकट भिंतीला टेकून उभ्या आहेत, शाळेत शिक्षा झालेल्या पोरांसारख्या, आणि मी रोज सकाळी जाऊन त्यातली एखादी घसरून आडवी तर झाली नाही ना, हे पाहून येतो.

मग मंजुरीचा अर्ज केला, त्यावर मंडळाचे तपासनीस आले. माणूस सज्जन, आवाज हळू, हातात मोजपट्टी. पहिल्यांदा उभ्या खाटा पाहिल्या, "सामान चार नग" असं लिहिलं. मग वॉर्डातल्या नऊ मोजल्या. मी मनातल्या मनात सुटलो म्हणतो तोच त्यांचं लक्ष व्हरांड्यातल्या बाकाकडे गेलं. त्यावर एक आजोबा सलाईन लावून पडले होते. तपासनीसांनी बाक मोजला, आजोबा मोजले (आजोबांनी पाय ताणून सहकार्य केलं) आणि लिहिलं, खाट क्रमांक दहा. अहो, हा बाक आहे, मी म्हणालो. ते म्हणाले, ज्यावर रुग्ण आडवा आहे ती खाट, आमच्याकडे व्याख्या आहे. मग काय विचारता! त्यांच्या अंगात व्याख्या संचारली. तपासणीचं टेबल झालं अकरा, वरच्या मजल्यावर पाहुण्यांची खोली बारा, माझी खाट तेरा, ताईची चौदा. शेवटी माझ्या ऑफिसात आले. तिथे रुग्ण नव्हता, पण टेबलावर फायलींची उशी होती. "इथे कोण झोपतं?" मी, म्हटलं. "तब्येत कशी आहे तुमची?" आता मी मूर्ख, मामा. खोटं बोलवेना. म्हटलं, फायलींमुळे मान जरा धरते. झालं! खाट क्रमांक पंधरा, रुग्ण एक, मानेचा.

अहवाल आला तो मी तीनदा वाचला, मग ताईला वाचून दाखवला, मग चक्कर आली म्हणून पाणी प्यायलो. त्यात म्हटलं होतं की या हॉस्पिटलला मंजुरी नऊ खाटांची, प्रत्यक्षात आढळल्या पंधरा, म्हणजे सहा जास्त. अर्जात मागणी आहे चार वाढवून देण्याची. सबब अर्जदाराची मागणी आधीच भागून दोन खाटा उरतात, त्या पंधरा दिवसांत कमी कराव्यात. म्हणजे बघा, ज्या खरोखरच्या खाटा आहेत त्या खाटा नाहीत, आणि ज्यावर मी मान मोडून घेतो ते टेबल खाट आहे! ताई मात्र शांत. म्हणाली, "अरे, त्यांचंही बरोबर आहे. मोजायला सांगितलं, त्यांनी मोजलं." या बाईला राग म्हणून येत नाही. सगळा राग माझ्या वाट्याला आलाय.

मी अपील केलं. सुनावणीला लांबलचक खोली, लांबलचक टेबल, पलीकडे अध्यक्ष धरून पाच माणसं आणि एक पंखा. समोरच्या चाळीस खाटांच्या हॉस्पिटलची लेखी हरकत आधी वाचली गेली. "आमच्याकडे तीस खाटा रिकाम्या असताना समोर नव्या खाटांची गरज काय?" गरज काय म्हणजे? तुमच्याकडे आजारी माणसाकडे कोणी मान वर करून बघत नाही, म्हणून खाटा रिकाम्या! आणि गंमत ऐका. ती हरकत ज्या मॅनेजरच्या सहीने आली होती, तो त्या दिवशी मूतखडा घेऊन आमच्याच व्हरांड्यात आडवा होता. सही त्याने तिथेच पडल्यापडल्या केली, पेन माझं. मी ते अध्यक्षांना सांगितलं. ते म्हणाले, रुग्ण म्हणून ते समाधानी असतील, हरकतदार म्हणून नाहीत, दोन्ही भूमिका वेगळ्या.

पण अध्यक्ष माणूस वाईट नव्हता. त्यांनी अहवाल बाजूला सारला आणि म्हणाले, हे बाक-टेबल सोडा, आम्हाला फक्त गरज सिद्ध करून द्या. नमुना अकरा काढा. नमुना अकरा म्हणजे, मामा, खाट नाही म्हणून परत पाठवलेल्या रुग्णांची नोंदवही. गेल्या वर्षभरातली नावं, तक्रार, तारीख. तीन नोंदी असल्या तरी पुरे, आत्ता मंजुरी देतो. मी नोंदवही उघडली. कोरी. मागचं वर्ष उलटलं. कोरं. हॉस्पिटल उघडल्या दिवसापासून बावीस वर्षांत ताईने एका माणसाला परत पाठवलेलं नाही! पाचही जणांनी वही हातोहात फिरवली. एकाने तर उजेडाकडे धरून पाहिली. मग अध्यक्षांनी मनापासून ताईचं अभिनंदन केलं आणि शेरा लिहिला, "गरज: शून्य." पुढच्या सुनावणीपर्यंत तीन नोंदी आणल्या तर फेरविचार करू, म्हणाले.

घरी येऊन मी ताईला बजावलं की आता तीन माणसांना नाही म्हणायचं, फक्त तीन, बाकीच्यांना खुशाल डोक्यावर घे. ती म्हणाली, प्रयत्न करते. मी तिला आरशासमोर उभं करून "खाट नाही" हे दोन शब्द घोकून घेतले. आरशाला छान म्हणाली. दुसऱ्या दिवशी एक जण सुजलेला पाय घेऊन आला. मी दाराआडून खूण केली. ताई म्हणाली, "खाट नाही." मी वहीत पेन टेकवलं. "पण बसा," ताई म्हणाली. "पण पाय वर घ्या. पण सिस्टर, यांना वर माझ्या..." त्या "पण"ने घात केला बघा! दुसऱ्याला तिने फोनवर नाही म्हटलं, अगदी ठाम, आणि फोन ठेवून त्याला आणायला गाडी पाठवली. तिसऱ्या खेपेला मीच वैतागून दारात उभा राहिलो. म्हटलं, हे काम बायकामाणसाचं नाही (हे ताईला सांगू नका), मी बघतो. एक म्हातारी धापा टाकत आली, हातात पिशवी. मी छाती काढून म्हणालो, आजी, खाट नाही. त्या नुसतं "बरं बाबा" म्हणाल्या आणि वळल्या. मामा, ते "बरं बाबा" ऐकलं आणि मीच धावत जाऊन त्यांच्या हातातली पिशवी घेतली. त्या सध्या माझ्या ऑफिसच्या टेबलावर आहेत, खाट क्रमांक पंधरा. मी खुर्चीत बसून हे पत्र लिहितोय आणि त्या मधूनमधून विचारतात, काय रे एवढं लिहितोस?

असं सगळं आहे. बाकी क्षेम. मामींना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद, मोठ्यांना काय ते तुम्ही ठरवा.

तुमचा भाचा

ता. क. मूळ मुद्दा राहिलाच. सुनावणी पंधरा तारखेला आहे. तुम्ही दोन दिवस येऊन जाल का? सोबत मामी आणि तुमचा तो पत्ते खेळणारा मित्र, असे तिघे. काही करायचं नाही. आलटून पालटून दारात यायचं, पोट, गुडघा, जे असेल ते दाखवायचं, मी "खाट नाही" म्हणेन, तुम्ही परत जायचं. घरच्यांना नाही म्हणताना मला काही वाटणार नाही असा माझा अंदाज आहे. खोटं काहीच नाही, गाठ खरी, गुडघे खरे. जेवून मग परत जा.

ता. क. दुसरा. पत्र पाकिटात घालायच्या आत ताईने वाचलं. ती म्हणते, मामांना परत पाठवायचं नाव काढलंस तर तुलाच पाठवीन. सहा वर्षांची गाठ आहे, रिपोर्ट घेऊन या, आदल्या संध्याकाळनंतर काही खाऊ नका, शस्त्रक्रिया करून टाकू. खाट कुठली, असं मी विचारलं. म्हणाली, बघू.

ता. क. तिसरा. मामा, वरचं सगळं राहू द्या. आज सकाळी पंधरा तारखेसाठी रेघा मारून ठेवाव्या म्हणून नमुना अकरा उघडला, तर पहिल्या पानावर नोंद होती. ताईचं अक्षर. नाव: डॉक्टर स्वतः. तक्रार: तीन दिवस ताप, एकशे दोन, उभं राहवत नाही. सल्ला: भरती आवश्यक. शेरा: खाट नाही, परत पाठवले, ओपीडीत. आणि खरंच ती खाली ओपीडीत बसली होती, बाहेर चाळीस माणसं, स्वतःची नाडी एका हाताने धरून दुसऱ्याने औषध लिहीत होती. बावीस वर्षांत एकदाच नाही म्हणाली, तेही कोणाला, बघा.

मी आणि मोठ्या सिस्टर मिळून नव्या खोलीत गेलो, एका खाटेचं प्लॅस्टिक फाडलं, ती आडवी केली आणि ताईला उचलून तिच्यावर ठेवलं. ओरडायचंसुद्धा त्राण नव्हतं तिच्यात. सकाळी दहाला झोपली, आता संध्याकाळचे पाच झालेत, अजून झोपलीय. बाहेरची चाळीस माणसं गेली नाहीत, पण एकमेकांना गप्प करत बसलीयत. उद्या तपासनीस फेरतपासणीला येणार आहेत, आणि आडवी खाट दिसली की उभी करा म्हणणार. त्यांना नाही म्हणणं माझ्याच्याने व्हायचं नाही, चहा विचारून बसेन मी. पत्र आजच माणसाच्या हाती पाठवतोय, तुम्ही पहिल्या गाडीने या आणि दारात उभे राहा.