समुद्रातली ओ

बाबा, काल संध्याकाळी अकोल्याच्या माझ्या स्वयंपाकघरात तव्यावर पोळी करपत होती आणि मी, या वयात, नाचत होते. हसू नका. तुमच्या पणतीचा फोन आला होता. अमरावतीत शिकलेली माझी ही नात कोकणच्या किनाऱ्यावर देवमाशांचे आवाज अभ्यासते. आवाज टिपणारं यंत्र समुद्रात सोडायचं, काही आठवड्यांनी वर काढायचं आणि ऐकत बसायचं. देवमासा हा मासा नव्हेच म्हणे. श्वासाला वर येतो, पिलाला दूध पाजतो, आणि अंगानं आपल्या गोठ्याएवढा. अरबी समुद्रातली ही जात आता फार थोडी उरली आहे. यंदा यंत्रात एकाचाच आवाज सापडला. "आजी, एकटाच असंल त कोनासाठी गाते वं तो?" पोरगी रडवेली झाली होती.

शाळा माझी चौथीतच सुटली, पण मोबाईल माझा मी शिकले, आणि कान तर तुमचेच. म्हटलं, "पाठव मले. भाजी निवडता निवडता ऐकतो." काय सांगू तो आवाज! आधी गाय हंबरावी तसा, मग जुनं दार करकरावं तसा, शेवटी वर चढत जाणारी शीळ. पहिल्या दिवशी मी कुकर बंद करायला उठले, आणि कुकर तर लावलेलाच नव्हता! रोज ऐकता ऐकता एक ध्यानात आलं. हाक मारून तो थांबतो. तुम्ही थांबायचे तसा.

मोर्शीचा आपला संत्र्याचा बगीचा. मी एवढीशी, डोक्यावर तुमची शिदोरी, झाडांच्या ओळींत वाट चुकलेली. तुम्ही हाका मारताय आणि मी भिऊन गप्प. विहिरीजवळ सापडते तेव्हा तुमचा आवाज चढतो, "ऐकू आलं त ओ कावून नाय देली वं?" मी म्हणते, "इहिरीनं देली ना, बाबा." रागातही तुम्हाला हसू फुटतं. "इहीर आपलाच शबुद माघारी देते, बाई. ओ द्याले दुसरं कोनी लागते. हाक मारनारा थांबला का समजावं, तो वाट पाहून राह्यला."

म्हणून मी त्याच्या त्या थांबण्यात कान घातला. जहाजांची घरघर, आणि तिच्याही मागे, फार दूर, काहीतरी. नात म्हणाली, "आजी, त्याचाच आवाज तळावर आपटून परत येत असंल." म्हटलं, "मंग सारखाच याले पाहिजे ना? याची शीळ वर जाते. ते दूरचं शेवटी खाली उतरते." तिनं तिकडे तो तुकडा पुन्हा लावून ऐकला. मग, "थांब. तपासून सांगतो."

तेव्हापासून जीव टांगणीला. मारुतीला नारळ कबूल केला, शेजारणीला दहादा तेच सांगून वीट आणला. पोरीनं आवाजांची चित्रं काढली, शेजारी शेजारी ठेवली, दुसऱ्या ठिकाणच्या यंत्राशी ताडून पाहिली. आणि काल, "आजी वं! दुसरा हाय! खरंच दुसरा हाय!" आम्ही दोघीही ओरडत होतो. पोळीचा कोळसा झाला.

बाबा, हा कागद टाकायला पेटी कुठली? देव्हाऱ्यात ठेवते. फक्त एक सांगते, कोणाला सांगितलं तर वेडी म्हणतील. फोन ठेवल्यावर मी मागच्या अंगणात गेले आणि तुम्हाला हाक मारली, चांगली खणखणीत. मग थांबले.